एकीचा कळप

मार्नी पर्थला खाणीवर कामाला गेली
आणि जाताना माझ्या पायरीवर ठेवून गेली
एक पिशवी, दोन ब्रश, कानांच्या औषधाची बाटली
आणि हा.

"कॅव्हूडल आहे, आजी.
अर्धा स्पॅनियल, अर्धा पूडल."
नाव पिकलेट.
म्हणजे ते इवलं, जाड धिरडं,
आम्ही रविवारी जॅम लावून खातो ते.
मी म्हटलं, शोभतं. दोन घासांचाच आहे.

चाळीस वर्षं कुत्र्यांबरोबर काढली मी.
कुत्र्यांबरोबर म्हणजे कामाबरोबर.
डफ भुंकला की अख्खी टेकडी हलायची.
ब्रॅम भुंकायचाच नाही, नुसता बघायचा,
आणि त्याच्या नजरेपुढे तीनशे मेंढ्या
फाटकातून दुधासारख्या ओतल्या जायच्या.
त्यांच्यातलं कुणी उंबरा ओलांडून आत आलं नाही,
कुणाचं तोंड मी टॉवेलने पुसलं नाही.

ह्याचं पुसावं लागतं.
डोळ्यांखाली गंजाचे ओघळ,
आणि पाण्याच्या भांड्यातून निघालेली दाढी
थेट माझ्या मोज्यांवर.

पहिल्याच आठवड्यात शिट्टी शिकवायला घेतली.
एक लांब: थांब.
दोन चढत्या: डावीकडून वळसा घाल.
त्याने मान एका बाजूला कलती केली,
मग दुसऱ्या बाजूला,
मग माझ्या बुटावर येऊन बसला.
रावीरी कुंपणापलीकडे बटाटे काढत होता.
"ऐल्सा, त्याला मेंढी दाखवू नकोस,
तिला जेवायला बोलावेल."

लोकर मात्र मला कळते.
बोटांनी फाक पाडून पाहिली:
जर्दाळूच्या रंगाची, सैल कुरळी,
टोकाला तांबूस, मुळाशी फिकट.
लिलावात कुणी ढुंकून पाहिलं नसतं.
पण गळत नाही. कोचावर एक केस नाही.
मी खूश.

न गळणारी लोकर जाते कुठे,
ते लोरेनने दाखवलं, तिच्या दुकानातल्या टेबलावर:
कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली,
कातडीला धरून बसलेले घोंगडीसारखे गच्च गोळे.
"वरवर विंचरताय तुम्ही," ती म्हणाली.
मला!
दिवसाला दोनशे मेंढ्या भादरलेल्या बाईला.
मुकाट्याने पासष्ट डॉलर मोजले.
परत सहा आठवड्यांनी या म्हणाली.

तेव्हापासून रोज रात्री, बातम्या चालू असताना,
थर थर उचलून, मुळापासून.
ओढलं गेलं की तो एक पंजा
माझ्या मनगटावर ठेवतो.
दाबत नाही. ठेवतो.
डॉक्टर म्हणाले, ह्यांच्या आईकडून हृदय कच्चं येतं,
ह्याचं अजून ठणठणीत आहे.
तरी विंचरून झालं की मी कान लावते.
घाईघाईने चाललेलं कुठेतरी.

"दिवसभर काय करतो गं?" मार्नी फोनवर विचारते.
काय सांगणार? काही करत नाही.
मी न्हाणीत गेले की दाराबाहेर बसतो.

मग त्या गुरुवारी, सामुद्रधुनीवरून
दक्षिणेचा वारा पत्रे उचकटत होता,
आणि मी मागच्या शेडमध्ये बसून राहिले होते,
ब्रॅमची साखळी हातात, उगाच.
किती वेळ, माहीत नाही. बोटं गारठली होती.
हा आला. भुंकला नाही.
मागून वळसा घातला, डावीकडून,
आणि माझ्या नि भिंतीच्या मधे उभा राहिला.
मान खाली. एक पाय हवेत. नजर माझ्यावर.
मी उठले.
तो चार पावलं हटला, थांबला, बघितलं.
अंगण. स्वयंपाकघर. शेगडीजवळची खुर्ची.
बसले तेव्हा कुठे त्याने नजर काढली.

म्हणजे हे आहे होय त्याचं काम.
कळपात मेंढी एकच,
म्हातारी, हट्टी, गुडघ्यांतून गेलेली,
आणि मी समजत होते, सांभाळतेय मी.

डिसेंबरात मार्नी येणार आहे. घेऊन जाते म्हणाली.
मी बरं म्हटलंय.

काल अंधार पडताना, सवयीने,
दोन बोटं ओठांत घालून
शेवटची शिट्टी वाजवली, काम संपल्याची:
बस झालं, ये आता.
माझ्या पायाशीच होता तो.
तरी आला.